पहिल्या पुस्तकाचा पहिला वाचक

मराठीत पुस्तक छापून निघणे आज जितके सुलभ झाले आहे, तितके ते मुद्रणकला या प्रांतात रुजल्यापासून कधीही नव्हते; आणि तरीही ज्यांचे पहिले पुस्तक नुकतेच प्रसिद्ध झाले आहे अशा तरुण कवींशी किंवा कथालेखिकांशी निवांतपणे बोलत बसले, म्हणजे प्रकाशनसमारंभाचा आनंद सांगून झाल्यावर एक खंत त्यांच्या बोलण्यात हटकून डोकावते. आपले पुस्तक छापण्यापूर्वी कोणी मन लावून वाचलेच नाही, ही ती खंत. हस्तलिखित गेले, काही आठवड्यांनी मुद्रिते आली, शुद्धलेखनाच्या चार-दोन दुरुस्त्या झाल्या, मुखपृष्ठ ठरले आणि पुस्तक हाती पडले. या सगळ्या व्यवहारात 'हे प्रकरण येथे का आहे', 'ही कविता तुमची आहे की तुम्हांला आवडणाऱ्या कवीची आहे', असा एकही प्रश्न कोणी विचारला नाही. नवलेखकाच्या अडचणींविषयी आपल्याकडे जे बोलले आणि लिहिले जाते त्याचा बहुतेक रोख प्रकाशक मिळत नाही याच तक्रारीवर असतो. परंतु माझ्या मते आजच्या परिस्थितीतला खरा तुटवडा प्रकाशकाचा नसून त्या पहिल्या वाचकाचा, म्हणजे संपादकाचा आहे, आणि हा तुटवडा कसा उत्पन्न झाला हे समजून घेतल्यावाचून त्यावरचे उपायही सुचणार नाहीत.

त्याचे एक कारण थेट छापखान्यात सापडते. खिळे जुळवून छापण्याच्या काळात सोळा पानांचा एक फर्मा उभा करण्यास जुळाऱ्याला जे श्रम पडत, ते शंभर प्रतींसाठी आणि हजार प्रतींसाठी सारखेच असत. सबब तो खर्च वाटून जावा म्हणून हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढण्यावाचून प्रकाशकाला गत्यंतर नसे, आणि अनोळखी लेखकाच्या हजार प्रतींत आपले भांडवल दोन-चार वर्षे अडकून पडणार हे ठाऊक असल्यामुळे तो हस्तलिखित स्वतः वाचे, जाणत्या स्नेह्याकडून वाचवून घेई, आणि मगच मंजुरी देई. या दिरंगाईचा नव्या लेखकाला जाच होत असे यात संशय नाही. परंतु त्या दिरंगाईच्या पोटातच वाचनाची सक्ती दडलेली होती. पुढे ऑफसेट आले, संगणकावरील अक्षरजुळणी आली, आणि अलीकडच्या डिजिटल मुद्रणाने तर पन्नास किंवा शंभर प्रतीसुद्धा परवडतील अशी सोय करून दिली. भांडवलाची जोखीम कमी झाली ही इष्टच गोष्ट घडली. मात्र तिच्याबरोबर हस्तलिखितापुढे थबकण्याचे व्यावहारिक कारणही नाहीसे झाले, आणि ज्या वाचनाला साहित्यनिष्ठेखेरीज दुसरा आधार उरला नाही ते वाचन हळूहळू मोजक्या घरांपुरते आकुंचित होत गेले.

दुसरे कारण नियतकालिकांच्या ऱ्हासात आहे, आणि ते अधिक गंभीर आहे. मराठीतला नवा लेखक पूर्वी थेट पुस्तक घेऊन वाचकांपुढे येत नसे. तो आधी मासिकातून येई. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1895 मध्ये सुरू केलेल्या 'मासिक मनोरंजन'ने आणि त्याच्या 1909 च्या पहिल्या दिवाळी अंकाने जी प्रथा घालून दिली, ती पुढील पाऊणशे वर्षे टिकली. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' 1949 मध्ये पुस्तकरूपाने येण्यापूर्वी 'मौजे'च्या वाचकांना परिचित झाली होती. धारवाडसारख्या, मराठी ग्रंथव्यवहाराच्या दृष्टीने अगदी कडेच्या गावी राहून इंग्रजीचे अध्यापन करणाऱ्या जी. ए. कुलकर्ण्यांचा 'निळासावळा' हा पहिला संग्रह 1959 मध्ये पॉप्युलर प्रकाशनाने काढला, तोवर मासिकांच्या संपादकांशी त्यांचा टपालाने संवाद चालू झालेला होता, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांना त्यांनी लिहिलेली पत्रे आज ग्रंथरूपाने वाचावयास मिळतात, आणि ती वाचताना लेखक आणि संपादक यांच्यामधला विश्वास किती सावकाश आणि किती तपशिलाने घडत जातो याचा प्रत्यय येतो. 'सत्यकथा' 1982 मध्ये बंद पडली तेव्हा एक मासिक गेले असे अनेकांना वाटले. वस्तुतः कथा परत पाठवतानाही ती का परत पाठवली हे लेखकाला कळवणारी, सुधारून आलेली कथा पुन्हा वाचणारी, आणि हा सारा खटाटोप नाव नसलेल्या लेखकासाठी करणारी एक रीतच तिच्यासोबत क्षीण झाली. दिवाळी अंक आजही शेकड्यांनी निघतात, 'अनुष्टुभ', 'कवितारती', 'साधना', 'मुक्त शब्द' यांसारख्या नियतकालिकांनी नव्या लेखनाला जागा दिली हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु वर्षातून एकदा, जाहिरातींच्या मुदतीत निघणाऱ्या अंकाला नवलेखकाच्या कथेचे तीन-तीन खर्डे वाचत बसण्याची सवड कोठून असणार?

या जुन्या व्यवस्थेचे गुणगान करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही, आणि ती विसरली तर हा लेख अन्यायाचा होईल. त्या दारातून सर्वांना सारखा प्रवेश कधीच नव्हता. पेशवाईतील दक्षिणेचा जो निधी कंपनी सरकारने पुढे चालविला, त्याचा काही अंश मराठी ग्रंथकारांना उत्तेजन देण्याकडे वळवून 1851 मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली, म्हणजे नव्या लेखकाला सरकारी आश्रय देण्याची ही आपल्याकडील पहिली पद्धतशीर तजवीज म्हणता येईल. आणि याच कमिटीपुढे 1855 मध्ये जोतीराव फुले यांनी आपले 'तृतीय रत्न' हे नाटक ठेवले असता ते नाकारले गेले. ते नाटक मुद्रित होऊन वाचकांपुढे येण्यास 1979 साल उजाडावे लागले. शंभरांहून अधिक वर्षे एका नाटकाने दप्तरात पडून राहावे, आणि मराठी नाटकाचा इतिहास त्याच्यावाचून लिहिला जावा, याचा अर्थ परीक्षकांची अभिरुची चुकली इतकाच करणे मला पुरेसे वाटत नाही. कोणाच्या अनुभवाला वाङ्मय म्हणावयाचे याचा निवाडा करणारे सगळे एकाच आळीतले असले म्हणजे काय होते, याचा तो पुरावा आहे. 1885 च्या ग्रंथकार सभेला जोतीरावांनी धाडलेल्या पत्रात जो त्वेष आहे त्याची मुळे अशा अनुभवांत आहेत. आणि 1969 मध्ये लघुअनियतकालिकांच्या तरुणांनी 'सत्यकथे'ची होळी केली, तेव्हा ज्या मासिकाच्या साक्षेपी संपादनाची मी वर स्तुती केली त्याच मासिकाच्या दाराशी आपल्याला तिष्ठत ठेवले जाते, ही त्यांची भावना निराधार होती असे मी म्हणणार नाही.

मात्र या असंतोषातून जे उभे राहिले त्याकडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण आजच्या नवलेखकाला उपयोगी पडणारा धडा तेथेच आहे. ज्यांना नाकारले गेले त्यांनी संपादक ही संस्था मोडीत काढली नाही. त्यांनी आपले संपादक निर्माण केले. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेत 'अस्मितादर्श' चालवले आणि दलित लेखकांच्या दोन पिढ्यांचे हस्तलिखित त्यांच्या हाताखालून गेले. अशोक शहाणे यांनी 'प्रास प्रकाशना'तून अरुण कोलटकरांच्या कविता ज्या निगुतीने काढल्या, तिच्यात अक्षरांच्या मांडणीपासून कागदापर्यंत एका वाचकाची नजर फिरलेली दिसते. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला 1972 मध्ये विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, ती लिहिण्यासाठी आपल्याला अपरिचित असलेला मुंबईचा भाग त्यांनी कवीकडून समजावून घेतला. 'ग्रंथाली'ने वाचकांनाच आगाऊ सभासद करून घेऊन भांडवलाचा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला, आणि त्या बळावर दया पवारांचे 'बलुतं' 1978 मध्ये व लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' 1980 मध्ये वाचकांपुढे आले. प्रस्थापित बाजाराला ज्या पुस्तकांचा गिऱ्हाईक दिसत नव्हता, त्यांचा गिऱ्हाईक पुस्तकाच्या आधीच तयार ठेवण्याची ती युक्ती होती. भालचंद्र नेमाडे यांच्यासारख्या पंचविशीतल्या, अप्रसिद्ध तरुणाची 'कोसला' 1963 मध्ये देशमुख आणि कंपनीने काढली, त्यामागे रा. ज. देशमुखांचा प्रेमळ तगादा होता हे सर्वश्रुत आहे. त्याहीपूर्वी, 1942 मध्ये, वि. स. खांडेकरांनी कुसुमाग्रजांची 'विशाखा' स्वतःचे पैसे घालून प्रसिद्ध केली. आणि बहिणाबाई चौधरींच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी आईच्या ओव्या आचार्य अत्र्यांच्या कानांवर घातल्या म्हणून 1952 मध्ये त्या ग्रंथरूप झाल्या. या उदाहरणांत माणसे निराळी, विचारसरणी निराळ्या, गावे निराळी. पण प्रत्येक ठिकाणी कोणीतरी आधी वाचले, त्याला ते आवडले, आणि आपली पत त्याने त्या लेखनाच्या मागे उभी केली.

आज याच्या जागी काय आले आहे? अनेक ठिकाणी करारपत्र आले आहे, आणि तेही धड नाही. माझ्या पाहण्यात आलेला एका नवोदित कवीचा मसुदा सांगतो. तो कागद अर्ध्या पानाचा होता. लेखकाने पहिल्या आवृत्तीच्या दोनशे प्रती सवलतीच्या दराने स्वतः विकत घ्याव्यात, रक्कम मुद्रणापूर्वी भरावी, आणि पुस्तकाचे 'सर्व हक्क' प्रकाशकाकडे राहावेत, एवढाच त्याचा मजकूर. आवृत्ती किती प्रतींची, मानधनाचा दर काय, हिशेब कधी द्यावयाचा, हक्क किती वर्षांसाठी, भाषांतराचे आणि ध्वनिपुस्तकाचे काय, यांपैकी एकाही गोष्टीचा निर्देश त्यात नव्हता. आणि त्या कवीने सही करताना यांपैकी एकही गोष्ट विचारली नव्हती, कारण आपले पुस्तक निघते आहे या आनंदात असा प्रश्न विचारणे त्याला कृतघ्नपणाचे वाटले. वास्तविक 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील एकोणिसावे कलम येथे लेखकाच्या बाजूने पुष्कळ बोलते. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीचे असावे, कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि कोणत्या मोबदल्यात दिले याचा त्यात उल्लेख असावा, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची समजावी, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता समजावा, आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर निराळे काही ठरले नसल्यास तो परत लेखकाकडे जावा, अशा तरतुदी त्यात आहेत. साहित्य संमेलनांत नवोदितांसाठी काव्यवाचनाचे मंडप उभारले जातात. त्यांपैकी एका मंडपात हे एवढे कलम कोणी तासभर समजावून सांगितले तर ती नवलेखकांची फार मोठी सेवा होईल.

स्वखर्चाने पुस्तक काढणे हे काही लाजिरवाणे नाही, आणि लेखकाकडून पैसे घेणारा प्रत्येक प्रकाशक लबाड असतो असेही नाही. छोट्या प्रकाशकाचा हिशेब मांडून पाहावा. एकशेसाठ पानांचा कथासंग्रह, पाचशे प्रती, किंमत अडीचशे रुपये. वितरक आणि विक्रेता यांची मिळून चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक सवलत, दहा टक्के लेखकाचे मानधन, उरलेल्या रकमेत अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी, गोदामभाडे आणि टपाल. सगळ्या प्रती खपल्या तरी लेखकाच्या वाट्याला साडेबारा हजार रुपये येतात, आणि नव्या लेखकाच्या सगळ्या प्रती खपत नाहीत. या हिशेबात संपादकाच्या नावाची रक्कम कोठेच बसत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे दोष व्यक्तींचा कमी आणि व्यवहाराच्या रचनेचा अधिक आहे हे मान्य करावे लागते. मात्र पैसे लेखकाचे, विक्री लेखकाची, समारंभ लेखकाचा, आणि प्रकाशकाचे केवळ नाव व आयएसबीएन क्रमांक, असा व्यवहार जेथे होतो तेथे त्याला प्रकाशन म्हणू नये. तो क्रमांक तर राजा राममोहन राय यांच्या नावाने चालणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेकडून लेखकाला स्वतःलाही विनामूल्य मिळू शकतो.

सरकारी आश्रयाची स्थिती यापेक्षा आशादायक आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयी अपेक्षाही अधिक ठेवावीशी वाटते. 1960 मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी साहाय्य करते, आणि ज्याची मुंबई-पुण्यात कोणाशीही ओळख नाही अशा गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या शिक्षकाला हस्तलिखित टपालाने पाठवून दाद मागण्याची ती मोठी जागा आहे. राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचे स्वतंत्र विभाग आहेत, काव्याला बहिणाबाई चौधरींचे, कादंबरीला श्री. ना. पेंडशांचे, ललितगद्याला ताराबाई शिंद्यांचे नाव आहे, ही योजकता मनाला समाधान देणारी आहे. साहित्य अकादमीने 2011 पासून युवा पुरस्कार सुरू केला. त्याची पस्तीस वर्षांची मर्यादा मात्र मला खटकते, कारण आपल्याकडे नोकरी, घर आणि मुलेबाळे यांतून मोकळ्या होऊन चाळिशीनंतर पहिली कथा लिहिणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत, आणि त्यांचे नवेपण वयाने मोजता येत नाही.

अनुदान मिळालेल्या पुस्तकांविषयीही माझी तक्रार तीच आहे. परीक्षक हस्तलिखित स्वीकारतात किंवा नाकारतात; परंतु स्वीकार आणि मुद्रण यांच्यामध्ये जे काम व्हावयाचे त्यासाठी कोणाची नेमणूक होत नाही. ते काम म्हणजे काय, हे सांगण्यासाठी एकच प्रसंग पुरे. मराठवाड्यातील एका तरुणीची ऊसतोड कामगारांच्या कुटुंबावरील कथा माझ्या एका संपादक-स्नेह्याकडे आली होती. मुकादमाची उचल, बैलगाडीत भरलेला संसार, फडावरची पहाट, सगळे तिने पाहिलेले होते आणि सगळे खरे होते. तरीही कथा एखाद्या अहवालासारखी वाचली जात होती, आणि तिचा शेवटचा परिच्छेद या लोकांच्या दुःखाविषयी कळवळून बोलत होता. माझ्या स्नेह्याने तिला सल्ला दिला नाही. त्यांनी एवढेच विचारले, की निघावयाच्या दिवशी घराला कुलूप कोणी लावले, आणि किल्ली कोणापाशी ठेवली? तिने लिहून पाठवलेल्या उत्तरात म्हातारी सासू आली, शाळेसाठी तिच्याजवळ मागे ठेवलेली मुलगी आली, आणि कुलूप लावलेच नाही, कारण घरात दोघी राहणार होत्या, ही गोष्ट आली. पुढच्या खर्ड्यात कथा त्या मुलीच्या बाजूने लिहिली गेली होती. शेवटचा परिच्छेद लेखिकेने आपण होऊनच काढून टाकला. हे एका प्रश्नाने झाले, आणि तो प्रश्न सुचण्यासाठी कथा तीनदा वाचावी लागली.

संगणकाच्या पडद्यावर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांची जी नवी सृष्टी निर्माण झाली आहे तिच्याविषयी मी थोडेच बोलेन. 'प्रतिलिपी'सारख्या ठिकाणी लेखक कोणाचीही परवानगी न घेता वाचकांपर्यंत पोहोचतो, परदेशी गेलेल्या मराठी माणसालाही तेथे मुभा आहे, आणि तेथे मालिकांच्या रूपाने लिहिणाऱ्यांना वाचकही पुष्कळ मिळतात. परंतु 'छान', 'पुढचा भाग लवकर टाका' हा वाचकाचा अभिप्राय लेखकाला लिहिते ठेवतो. तो त्याला घडवत नाही, आणि तशी अपेक्षाही त्या वाचकाकडून करू नये.

ग्रंथालयांविषयी मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण मराठी पुस्तकाचा, आणि विशेषतः अनोळखी लेखकाच्या पुस्तकाचा, खरा आधार तीच आहेत. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात अकरा-बारा हजारांच्या घरात शासनमान्य ग्रंथालये उभी राहिली, त्यांतली बहुसंख्य खेड्यांत आहेत, आणि देशात फार थोड्या राज्यांना हे भाग्य लाभले आहे. या ग्रंथालयांपैकी दहांतल्या एकानेही एखाद्या नव्या कथासंग्रहाची एक प्रत घेतली तर हजाराची आवृत्ती निघून जाईल. प्रत्यक्षात अनुदान तुटपुंजे आणि उशिरा येणारे, त्यामुळे खरेदी वर्षअखेरीस घाईने उरकली जाते, आणि जो विक्रेता अधिकात अधिक सवलत देईल त्याच्या गठ्ठ्यातून जे येईल ते कपाटात लावले जाते. अशा गठ्ठ्यात नव्या लेखकाचे चोख पुस्तक क्वचितच असते, कारण त्याच्या प्रकाशकाला तेवढी सवलत परवडत नाही. प्रथम प्रकाशनाच्या पुरस्कारांसाठी विचारात घेतलेल्या पुस्तकांतून निवडक अशी एक छोटी यादी दरवर्षी करून, तिच्यातील पुस्तके घेण्यासाठी ग्रंथालयांना स्वतंत्र रक्कम दिली, तर पुस्तकाची निवड सवलतीच्या आकड्यावरून न होता वाचनावरून होईल.

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि त्यानिमित्त प्राचीन ग्रंथांच्या संशोधनाची, कोशांची आणि अध्यासनांची जी बोलणी चालू आहेत ती सर्वथा योग्यच आहेत. माझी मागणी त्यांच्या मानाने लहान आहे. नवलेखक योजनेत निवडलेल्या प्रत्येक हस्तलिखिताला एक संपादक नेमून द्यावा, त्याला त्या कामाचे रास्त मानधन मिळावे, आणि त्याची निवड करताना तो नागपूरचा आहे की कोल्हापूरचा, कोणत्या बोलीत वाढलेला आहे, कोणत्या अनुभवाला त्याचे कान सरावलेले आहेत, याचा विचार व्हावा. जे हस्तलिखित नाकारले जाईल त्याच्यासोबतही परीक्षकाचा निदान एक पानाचा अभिप्राय लेखकाला पोहोचावा. आणि पुस्तकाच्या श्रेयपानावर जसे अक्षरजुळणी करणाऱ्याचे, मुद्रकाचे आणि मुखपृष्ठकाराचे नाव असते, तसे संपादकाचेही असावे, म्हणजे पुस्तक कच्चे निघाले तर जाब कोणाला विचारावयाचा हे वाचकाला आणि स्वतः लेखकालाही कळेल.